सोवळ्यातला डबा

माणसाला आयुष्यात एकदा तरी दारात उभं राहून इतरांना "लांब व्हा, शिवू नका" असं ओरडायला मिळावं. काय सुख असतं म्हणून सांगू! मला ते मिळालं अंबरनाथच्या एमआयडीसीत, ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर पिवळ्या बदकांची अंघोळीची टोपी घालून.

तेव्हा मी एका शेडमध्ये क्वालिटीचं काम बघत असे. केमिकल कंपन्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या, बंद भांडी, असला माल आम्ही बनवायचो. क्वालिटी म्हणजे काय, तर दुसऱ्यानं घाम गाळून केलेल्या कामाकडे बघून नाक मुरडायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. मला हे काम इतकं मानवलं होतं की घरीसुद्धा मी आमटीकडे टॉर्च मारून बघायचो, असं बायको सांगते. ती थोडं वाढवून सांगते.

शेडचे मालक उल्हासनगरचे सिंधी शेठ. पांढरा सफारी, पांढरे बूट, आणि त्या बुटांवर एमआयडीसीतला एकही डाग नाही. हे कसं जमायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे फोरमनकाका. बदलापूर गावातले, माझ्याहून वयानं बरेच मोठे, जानवं घालणारे. त्यांची आई अजून सोवळ्यात स्वयंपाक करायची, आणि तिचं जेवण होईपर्यंत त्या स्वयंपाकघरात खुद्द काकांनाही प्रवेश नसे. मी बदलापुरातच, मांजर्लीत राहायचो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव फडक्यात बांधून उल्हास नदीत पोचते केले, ते त्यानंतर आमच्याकडे फिरकले नाहीत. रोज सकाळी काका मला त्यांच्या स्कूटरवर मागे बसवून न्यायचे आणि दुपारी माझ्या डब्यातली सुकट खायचे. मग मूठभर बडीशेप चावायचे, घरी आईला वास येऊ नये म्हणून. अशी आमची जुनी दोस्ती.

तर या शेडमध्ये एक दिवस एक मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील, पाठीवर शाळेतल्या पोरासारखी सॅक, आणि बोलणं एकदम मुद्द्याचं. त्यांची संस्था आकाशातले तारे बघणारी. कुठल्याशा डोंगरावर त्यांची मोठी दुर्बीण होती आणि तिच्यासाठी नवा कॅमेरा बनत होता. त्या कॅमेऱ्याचा डबा आम्ही बनवायचा होता.

"कॅमेरा?" शेठ म्हणाले. "मॅडम, आपल्याकडे टाक्या बनतात. फोटो तो मेरा साला निकालता है, शादी का."

मॅडमनी समजावलं. या कॅमेऱ्याच्या आत नखाएवढी चकती असते, तीच तारे टिपते. ती भयंकर थंड ठेवावी लागते, बर्फाहून कितीतरी थंड. थंड राहायची तर तिच्याभोवती थर्मासमध्ये असते तशी पोकळी हवी. म्हणजे डब्यातली हवा पंपानं पार ओढून घ्यायची, काही म्हणजे काही उरता कामा नये. डबा साधारण मोदकपात्राएवढा. तो धुऊन, जोडून, आतली हवा काढून, इथेच तपासायचा, कारण पंप आमच्याकडे होता.

"पण वेळेत हवा," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "पावसाळ्यात दुर्बीण बंद असते. त्याआधी कॅमेरा बसवायला आम्हाला थोडे दिवस मिळालेत. ते चुकले तर पावसाळ्यानंतर दुसऱ्यांचं यंत्र बसणार. माझा कॅमेरा मग कपाटात."

चहा पिताना कळलं ते असं, की त्यांच्या साहेबांना डबा परदेशातून मागवायचा होता. यांनीच हट्ट धरला होता की इथे होईल. काम सुरू केलं तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. मग लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली, आणि कॅमेरा अजून टेबलावरच. "मुलगी विचारते, आई, तुझा फोटो कधी निघणार?" असं म्हणून त्या हसल्या. हसू काही फार खरं नव्हतं.

डबा बनवायला आम्हाला अडचण आली नाही. अडचण आली ती पुढे, धुण्याच्या वेळी.

"उघड्या हातानं आतल्या भागाला कुणीही शिवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "बोटाला तेल असतं. आत हवा नसली की ते तेल उडतं आणि जे सगळ्यात थंड असेल त्याच्यावर जाऊन बसतं. म्हणजे चकतीवर. मग तारे दिसतील, पण तुपकट चष्म्यातून बघितल्यासारखे."

आजूबाजूला उभ्या असलेल्या पोरांनी आपापली बोटं बघितली. आमच्या शेडमधल्या बोटांना नुसतं तेल नव्हतं, एकेका बोटावर स्कूटर चालली असती.

फोरमनकाकांना मात्र हे लगेच पटलं. "म्हणजे सोवळं," ते म्हणाले. "धुतलेल्यानं धुतलेल्याला शिवायचं. मधे ओवळं आलं की परत पहिल्यापासून."

"अगदी तेच," मॅडम म्हणाल्या.

"आणि दारात कोण बसणार?" काकांनी विचारलं. त्यांच्या घरी दारात आई बसायची.

मॅडमनी शेडभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "हे बसतील. यांना नाही म्हणायची सवय आहे असं दिसतंय."

मंडळी, त्या क्षणी माझ्या आजोबांचा फोटो मांजर्लीच्या भिंतीवर नक्की हलला असणार.

आम्ही गास्केटांची खोली रिकामी केली. भिंती धुतल्या, चहूबाजूंनी प्लास्टिकचा कागद ताणून बसवला, जमिनीवर प्लास्टिक पसरलं. पांढरे डगले उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका टेलरकडून शिवून आणले. त्यानं सवयीनं प्रत्येक डगल्याला मागे दोन खिसे आणि पितळी रिव्हेट मारले होते. डोक्याला टोप्या हव्या होत्या, त्या शेठनी बाजारातून आणल्या. त्या अंघोळीच्या निघाल्या, बदकांच्या. मॅडमनी हात लावून बघितलं, टोपीचे धागे सुटत नव्हते. "चालतील," त्या म्हणाल्या. त्यामुळे विज्ञानाचं पुढचं सगळं काम बदकांच्या छत्राखाली झालं.

आणि मी दारात बसलो. स्टुलावर, डगला घालून, हातात प्लास्टिकची लांब पट्टी घेऊन.

पहिला बळी शेठ. ते आपले नेहमीप्रमाणे आत शिरायला लागले. मी पट्टी आडवी धरली.

"शेठ, लांब. बूट."

"अरे साईं, शेड माझी, डबा माझा, पगार मी देतो. और मैं ही बाहर?"

"तुम्हीच बाहेर. हात दाखवा. ही अंगठी? ही काढायची. केसांना काय लावलंय?"

"चमेली का तेल."

"मग तुम्ही पंधरा दिवस यायचंच नाही."

शेठ बाहेरूनच प्लास्टिकला नाक लावून आत बघत राहिले, मिठाईच्या दुकानाच्या काचेशी उभं राहिल्यासारखे.

पण खरी गंमत काकांची. आत जाण्याआधी हातमोजे घातलेले हात स्पिरिटनं धुवायचे असत. नियम असा की बाटली हाताला लागता कामा नये. म्हणून धुणाऱ्यानं ओंजळ पुढे करायची आणि दुसऱ्यानं वरून, अंतर ठेवून, धार सोडायची. पहिल्या दिवशी काका माझ्यापुढे ओंजळ धरून वाकले. मी बाटली उचलली, वर धरली आणि धार सोडली.

निम्मी धार झाल्यावर आम्हा दोघांच्याही एकदम लक्षात आलं. आजोबा सांगायचे, गावच्या विहिरीवर त्यांनी अशीच ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. ओतणारे काकांच्या आजोबांसारखे असायचे.

काका वाकलेलेच. वर न बघता म्हणाले, "घे, घे. सूड घेऊन घे."

"सूड कसला काका. नियम आहे."

"त्यांचाही नियमच होता."

 मग बाटली आणखी वीतभर वर नेली. "आता बरं दिसतंय," मी म्हणालो. काका इतके हसले की सगळं स्पिरिट डगल्यावर सांडलं आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पुढे रोज ते ओंजळ धरताना विचारायचे, "आज किती उंचावरून?" आणि मी म्हणायचो, "वागणूक बघून ठरवू."

डबा धुतला, पुसला, वाळवला. आतली तांब्याच्या पत्र्याची कवचं बसवली. खरी चकती मॅडमनी अजून बसवली नव्हती, ती त्यांच्याजवळ पेटीत होती. तिच्या जागी तशीच एक खोटी लावली. झाकण बसवायच्या आदल्या दिवशी शेठनी फारच लावून धरलं म्हणून मॅडमनी त्यांना एकदा आत दर्शनाला सोडलं. शेठ डोकं शिकेकाईनं धुऊन, अंगठी काढून, बदकं घालून आले. दोन मिनिटं हात जोडून उभे राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी झाकण लावलं, स्क्रू समोरासमोरचे करत आवळले आणि पंप सुरू झाला.

डब्यात किती हवा उरली ते दाखवणारा काटा खाली यायला लागला. आम्ही सगळे काट्याकडे बघत बसलो. थोडा उतरला, आणखी उतरला, आणि एका जागी येऊन फतकल मारून बसला. तिथून हलेचना. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

"गळतंय," काका म्हणाले. त्यांनी प्रत्येक जोडावर स्पिरिट टाकून बघितलं. गळती असेल तर स्पिरिट आत ओढलं जातं आणि काटा उडी मारतो. काटा ढिम्म.

मग मॅडमनी पंपाचा व्हॉल्व बंद केला आणि काट्याकडे नुसत्या बघत राहिल्या. काटा हळूहळू वर चढला आणि थांबला.

"गळती असती तर चढतच राहिला असता," त्या म्हणाल्या. "हा चढतोय आणि थांबतोय. बाहेरून काही येत नाहीये. आतच काहीतरी बसलंय आणि ते श्वास सोडतंय."

झालं. दुपारपर्यंत लेथवरच्या पोरांमध्ये बातमी पसरली की डब्यात कायतरी बसलंय. एक जण त्या खोलीसमोरून जायचंच सोडून शेडला वळसा घालायला लागला.

पण माझी अवस्था त्याहून वाईट. दारवान मी! माझ्या पट्टीखालून कोण गेलं? मी सगळ्यांची उलटतपासणी सुरू केली. कुणी मोजे न घालता हात लावला? कुणाला शिंक आली? काका चिडले. "अरे, माझ्या आईनं माझं सोवळं मान्य केलंय, तू कोण लागून गेलास?"

"काकांच्या आईला सुकटीबद्दल सांगू का मॅडम?" मी म्हणालो, आणि काका बडीशेप शोधायला लागले.

मॅडमना मात्र आमच्या भांडणात गंमत वाटत नव्हती. ट्रक आठवड्याभरात निघायला हवा होता. त्या मोबाईलवर त्यांच्या साहेबांशी बोलत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. "हो सर. नाही सर. परदेशी असतं तरी सर..." फोन ठेवून त्या उपड्या खोक्यावर बसल्या आणि डोक्यावरची बदकं काढून मांडीवर ठेवली. "उघडा," त्या म्हणाल्या.

डब्यात हवा सोडली. काकांनी स्क्रू काढले, आम्ही दोघांनी झाकण उचललं. आणि आतून वास आला.

मॅडमनी नाक पुढे केलं. "श्रीखंड?" त्या म्हणाल्या.

काकांनी वास घेतला. "बासुंदी."

मी म्हणालो, "काही का असेना, कुणाचं तरी लग्न झालंय आत."

काकांनी तांब्याचं कवच उचललं. त्याच्या मागे, खोट्या चकतीपासून दोन बोटं अंतरावर, हिरवीगार वेलची. जरा पुढे दुसरी. आणि तळाच्या एका खोबणीत नीट बसलेला खडीसाखरेचा खडा.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिघांच्याही नजरा एकदमच प्लास्टिकबाहेरच्या पांढऱ्या सफारीकडे वळल्या.

शेठ मुळीच लाजले नाहीत. उलट त्यांना अभिमान. "हां, मैंने रखा. मग काय खाली बर्तन पाठवायचं? तुमच्यात शेजारणीला भांडं रिकामं परत देतात का? माझी अम्मा सांगून गेलीय, साईं, दुकान से कोई बर्तन खाली नहीं जाएगा. शेड चालू झाली तेव्हापासून प्रत्येक टाकीत दोन इलायची, एक मिश्री. आजपर्यंत कोणाची कम्प्लेंट आली?"

माझ्या डोळ्यांसमोरून आम्ही पाठवलेल्या सगळ्या टाक्या गेल्या. कुठे रंग, कुठे ॲसिड, कुठे खोकल्याचं औषध. सगळ्यांना वेलची लागलेली.

मॅडम उठल्या. मला वाटलं आता शेठचं काही खरं नाही. पण त्या अगदी हळू बोलल्या. "शेठजी, मला तुमच्याकडून डबा नकोय. मला त्याच्या आतलं रिकामेपण हवंय. आख्ख्या अंबरनाथमध्ये सगळ्यात रिकामी जागा, ती मी विकत घेतेय. तिच्यात वेलचीचं तेल उडत राहिलं तर ते माझ्या चकतीवर बसेल. मग तारे नाहीत. आणि पुढच्या वर्षी मी नाही."

शेठ विचारात पडले. व्यापारी माणूस. "मतलब मैं आपको 'कुछ नहीं' बेच रहा हूँ?"

"हो."

"और जितना ज्यादा कुछ नहीं, उतना माल अच्छा?"

"हो."

"चालीस साल के धंधे में," शेठ म्हणाले, "ऐसा माल नहीं देखा." आणि खुर्चीत बसले. चेहरा पडला होता. अम्माला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला असावा.

इतक्यात माझं लक्ष काकांकडे गेलं. काकांचा हात डगल्याच्या मागच्या, जीन्सवाल्या खिशाकडे सरकत होता.

"काका. काय आहे खिशात?"

काकांनी कागदाची पुडी काढली. अक्षता. "मी टाकल्या नाहीत हं," ते घाईघाईनं म्हणाले. "झाकण लावताना टाकणार होतो. पण तू दारातून बघत होतास."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"मॅडम, आम्ही देवांना नदीत सोडलं," मी छाती काढून म्हणालो. "आमच्याकडे टाकायला काही शिल्लकच नाही."

त्यावर मॅडम हसायला लागल्या. असं हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली, आणि ती भिंत प्लास्टिकची असल्यामुळे तीही त्यांच्याबरोबर हलायला लागली.

मग मात्र शेडनं जे काम केलं तसं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितलं नाही. डबा पार सुटा केला. पुन्हा साबण, पुन्हा स्पिरिट, पुन्हा पुसणं. वेलची फुटून एखादा दाणा कुठे गेला असेल म्हणून काका टॉर्च घेऊन प्रत्येक भोकात डोकावले. शुक्रवारी एमआयडीसीची लाईट बंद असायची, त्या दिवशी शेठनी न विचारता जनरेटर चालवला. स्वतः दारात स्टूल टाकून माझ्या शेजारी बसले, आणि जो येईल त्याला माझ्या आधी ओरडायचे, "दूर! दूर! खिसा दाखवा!" मला माझी नोकरी जाते की काय असं वाटायला लागलं.

झाकण लागलं. पंप सुरू झाला. काटा उतरला, मागच्या वेळी बसला होता त्या जागी आला आणि तिथे जरा रेंगाळला. काकांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मी क्वालिटीचा. काटा हलला आणि खाली गेला. जात राहिला. मॅडमनी व्हॉल्व बंद केला. काटा होता तिथेच.  मॅडमनी नुसती मान हलवली आणि मोबाईल घेऊन बाहेर गेल्या. या वेळी त्या बोलत होत्या आणि त्यांचे साहेब ऐकत होते, हे लांबूनही कळत होतं.

त्यानंतर त्यांनी पेटीतली खरी चकती स्वतःच्या हातानं बसवली. तेवढ्या वेळापुरतं आम्हा दोघांनाही त्यांनी बाहेर काढलं. बरोबरच होतं. आमच्या शेडचा इतिहास बघता मीही काढलं असतं.

डबा स्पंजमध्ये, स्पंज लाकडी खोक्यात. खोकं आमचं, ते परत यायचं होतं. ट्रक निघताना शेठ खोक्याभोवती घुटमळत होते. "खाली जा रहा है," ते मला कानात म्हणाले. एवढा मोठा माणूस, डोळ्यांत पाणी.

मॅडमनी ते ऐकलं. "शेठजी, तुमची वेलची कुठे आहे? ती, डब्यातली?" शेठनी ती जपून खिशात ठेवली होती. मॅडमनी वेलची आणि खडीसाखर मागून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्या सॅकमध्ये टाकली. "माझ्याबरोबर येऊ दे. फक्त डब्याच्या बाहेरून."

पावसाळा मध्यावर आला तेव्हा खोकं परत आलं. शेठनी उघडलं आणि ओरडले. खोकं रिकामं नव्हतं. वर तीच पिशवी, तीच वेलची, तीच खडीसाखर. आणि खाली पुठ्ठ्यात गुंडाळलेला मोठा फोटो. काळाभोर, आणि त्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. मागे लिहिलं होतं, वेळेत बसला, हा पहिला फोटो, मुलीला आधी दाखवला, आता तुम्हाला.

फोरमनकाकांनी फोटो हातात घेतला, चष्मा सरकवला आणि त्यांचा चेहरा काळवंडला. "अरे देवा. एवढी धूळ? कोणी शिवलं परत?"

"काका, ते तारे आहेत."

"सगळे?"

"सगळे."

काकांनी परत बघितलं. "मग हरकत नाही," ते म्हणाले, क्वालिटी त्यांच्याकडे असल्यासारखे.

शेठनी वेलची सोलून तोंडात टाकली, चावली आणि वाईट तोंड केलं. "इसमें तो कुछ बचा ही नहीं, साईं." बचेल कशी? तिचा सगळा वास आमच्या पंपानं केव्हाच पिऊन टाकला होता.

फोटो मग शेडभर फिरला. लेथवर गेला, वेल्डिंगला गेला, जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डब्यांच्या मधे पडला. ज्यानं त्यानं उचलून, बोट टेकवून विचारलं, हा कुठला, तो कुठला. मी दारवानाची पट्टी काही काढली नाही. संध्याकाळपर्यंत त्या आकाशावर तेलाचे इतके अंगठे उमटले होते की शेठ येणाऱ्या गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचे तेव्हा कुठला तारा आणि कुठला आमचा हे त्यांनाही सांगता यायचं नाही. खालच्या कोपऱ्यात एक पिवळट, जरा सुकटीचा वास येणारा डाग आहे. तो काकांचा. त्याच्यावर थोडा चढलेला आहे तो माझा.